विद्यार्थी विभागाचं प्रमुखपद नव्याने स्वीकारताना

विद्यार्थी विभागाच्या प्रमुखपदावर माणसं साधारण दोन वाटांनी येतात. काहीजण वसतिगृह, समुपदेशन, शिष्यवृत्ती नाहीतर उपक्रमांचं काम करता करता बढती मिळून वर येतात. काहीजण मुळात प्राध्यापक असतात. ‘तुमचं मुलांशी छान जमतं’ एवढ्या एका भांडवलावर त्यांच्याकडे कार्यभार सोपवला जातो. पहिल्यांना मुलांच्या अडचणी खडान्‌खडा माहीत असतात, पण अंदाजपत्रकाच्या बैठकीत ते गप्प बसतात. दुसऱ्यांना समित्या कशा चालतात, कोणाचा शब्द कुठे चालतो हे पक्कं ठाऊक असतं. मात्र रात्री दोन वाजता वसतिगृहातून फोन आला तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

हा लेख दोघांसाठी आहे. पदाला अधिष्ठाता म्हणा, संचालक म्हणा की डीन, काम बहुतेक ठिकाणी सारखंच: वसतिगृहं, समुपदेशन, शिस्त, तक्रारी, आर्थिक मदत, विद्यार्थी परिषद, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी, आरोग्य, रोजगार मार्गदर्शन. आणि दोघांची पहिली गफलतही एकच. खाली असताना रडत आलेल्या मुलीचं ऐकून घेतलं, चार फोन करून मार्ग काढला, की काम फत्ते. वरच्या खुर्चीतला प्रश्न वेगळा असतो: तुम्ही रजेवर असताना ती मुलगी आली, तर तिचं काय होतं? याचं उत्तर तयार ठेवणं म्हणजेच या पदावरचं कौशल्य. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच तयारीच्या आहेत.

हे खातं आलं कुठून, ते एकदा समजून घ्या

फार खोलात जायची गरज नाही, पण दोन-तीन तारखा माहीत असाव्यात. अमेरिकेतल्या विद्यापीठांत १८९० च्या दशकात मुलामुलींच्या राहण्या-वागण्याकडे लक्ष द्यायला वेगळे डीन नेमले जाऊ लागले. त्यांचं काम मुख्यतः पालकाचं होतं: वेळेत परत या, नीट वागा, अभ्यास करा. १९३७ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने एक निवेदन काढलं. विद्यार्थ्याकडे केवळ बुद्धी म्हणून न पाहता संपूर्ण माणूस म्हणून पाहावं, त्याचं आरोग्य, राहणं, पैशाची ओढाताण, मन, पुढची नोकरी हे सगळं संस्थेच्या कामात धरावं, असा त्याचा गाभा. आज जगभर या खात्याच्या कामांची जी यादी दिसते, तिचं मूळ बरंचसं तिथे आहे.

दुसरी तारीख १९६१ ची. त्याच्या आदल्या वर्षी अलाबामा स्टेट कॉलेजच्या काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी माँटगोमेरीतल्या न्यायालयाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात वर्णभेदाविरुद्ध धरणं धरलं. कॉलेजने नऊ जणांना काढून टाकलं. ना आरोपपत्र, ना सुनावणी. त्यातले काहीजण कोर्टात गेले आणि ‘डिक्सन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवलं की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला काढण्याआधी नोटीस द्यावी लागेल आणि त्याची बाजू ऐकावी लागेल. संस्था म्हणजे पालक आणि पालकाने जाब द्यायचा नसतो, ही जुनी समजूत तिथून ढासळायला लागली.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या खुर्चीला हे दोन्ही वारसे चिकटलेले आहेत. मायेने वागायचं आणि नियमानेही. बहुतेक वेळा दोन्ही जमतं. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी तुमची खरी परीक्षा असते.

पायरी १: कौशल्यांची यादी समोर ठेवा आणि स्वतःकडे पुरावा मागा

या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या व्यावसायिक संघटना म्हणजे १९१९ पासूनची ‘नास्पा’ आणि १९२४ पासूनची ‘एसीपीए’. त्यांनी मिळून २०१० साली कौशल्यक्षेत्रांची यादी केली आणि २०१५ मध्ये ती सुधारली. सुधारित यादीत दहा क्षेत्रं आहेत: वैयक्तिक आणि नैतिक पाया; व्यवसायाची मूल्यं, तत्त्वज्ञान आणि इतिहास; मूल्यमापन आणि संशोधन; कायदा, धोरण आणि कारभार; संघटना आणि मनुष्यबळ; नेतृत्व; सामाजिक न्याय आणि समावेशन; विद्यार्थ्यांचं शिकणं आणि विकास; तंत्रज्ञान; सल्ला आणि आधार. प्रत्येक क्षेत्राला पायाभूत, मध्यम आणि प्रगत अशा तीन पातळ्या.

यादी अमेरिकेची असली तरी आरसा म्हणून कुठेही चालते. फक्त ती वाचून ‘हे तर मी करतोच’ असं म्हणत खुणा करत जाऊ नका. अनुभवी माणसं नेमकी इथे फसतात. वीस वर्षं काढली म्हणजे आपण सगळ्याच क्षेत्रांत प्रगत, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात सल्ला देण्यात प्रगत असलेला माणूस मूल्यमापनात पायाभूत पातळीवरही नसू शकतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलं तर मात्र महागात पडतं.

म्हणून असं करा. एका कागदावर दहा ओळी आखा. प्रत्येक क्षेत्रापुढे गेल्या बारा महिन्यांतला एक पुरावा लिहा, म्हणजे दुसऱ्याला दाखवता येईल अशी गोष्ट: एखादी टिपणी, बदललेला नियम, इतिवृत्त, सहकाऱ्याला शिकवलेलं एखादं काम. ‘मी सर्वेक्षणं घेतो’ हा पुरावा नाही. ‘सर्वेक्षणात संध्याकाळच्या तुकडीला समुपदेशकाची वेळच मिळत नाही असं दिसलं, म्हणून वेळापत्रक बदललं, त्याचा आदेश फाईलला आहे’ हा पुरावा. जिथे काही सुचत नाही तिथे जागा कोरी ठेवा.

मग तोच कोरा तक्ता दोघांना द्या: तुमच्या हाताखालचा एकजण आणि विभागाबाहेरचा एकजण, शक्यतो लेखा किंवा परीक्षा विभागातला. त्यांनी तुमच्याबद्दल भरायचा. हाताखालच्या माणसाला मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून तो तक्ता तिसऱ्या कोणाच्या हातून घेतलेला बरा. तुमच्या आणि त्यांच्या उत्तरांत जिथे सर्वात मोठं अंतर दिसेल, तिथून अभ्यासाला सुरुवात करा.

पायरी २: पहिला महिना वाचा आणि भेटा

नव्या प्रमुखाला पहिल्याच आठवड्यात काहीतरी जाहीर करायची खुमखुमी असते. ती आवरा. आधी पुढचे कागद मागवून घ्या: विद्यार्थ्यांसाठीची नियमावली आणि तिच्यातल्या दुरुस्त्या, गेल्या तीन वर्षांच्या तक्रारींची नोंदवही, शिस्तपालन समितीची इतिवृत्तं, लेखापरीक्षणातले आक्षेप, कोर्टात चालू असलेली प्रकरणं, चालू अंदाजपत्रक आणि त्यातला प्रत्यक्ष खर्च. तक्रारींची नोंदवही वाचताना काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहा. शेकडो विद्यार्थिनी राहतात त्या वसतिगृहातून तीन वर्षांत छळाची एकही तक्रार आलेली नसेल, तर सगळं आलबेल आहे असं समजू नका. तक्रार करायचा रस्ता बंद असण्याची शक्यता जास्त.

भेटायचं कोणाला? वरिष्ठ मंडळी तुम्हाला बोलावतीलच. तुम्ही होऊन भेटायचं ते रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला, वसतिगृहाच्या कार्यालयातल्या लिपिकाला, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणाऱ्याला, ग्रंथालयात उशिरापर्यंत थांबणाऱ्याला. एकच प्रश्न पुरतो: ‘मुलं तुमच्याकडे अशी कोणती अडचण घेऊन येतात, जी खरं तर आमच्याकडे यायला हवी होती?’ उत्तरं लिहून घ्या. तुमच्या विभागाला गळती कुठे आहे, याचा इतका स्वस्त आणि अचूक अहवाल दुसरा मिळणार नाही.

पायरी ३: शिस्तीची प्रक्रिया अशी ठेवा की तुमचा स्वभाव मध्ये येणार नाही

या पायरीवर थोडं जास्त थांबतो, कारण प्रमुखांची सर्वाधिक पत इथेच जाते.

एक काल्पनिक प्रसंग घ्या. वसतिगृहात मारामारी झाली, कोणीतरी चित्रफीत काढली, सकाळपर्यंत ती सगळीकडे पसरली. ती पाहून तुमचा संताप झाला. दुपारी मार खाल्लेल्या मुलाचे आईवडील आले, आणि त्यांना धीर देण्याच्या भरात तुम्ही म्हणालात, ‘काळजी करू नका, त्या मुलाला काढून टाकतो.’ बोललात आणि सुनावणी होण्याआधीच ती संपली. पुढे समितीने कितीही नीट चौकशी केली, तरी निकाल आधी ठरला होता असं दुसरी बाजू म्हणेल, आणि तिचं म्हणणं खोटं नसेल. शिवाय चित्रफितीत शेवटची चाळीस सेकंदंच होती. सुरुवात कोणी केली हे तिच्यात नव्हतंच. आईवडिलांना धीर देणारं दुसरं वाक्य उपलब्ध होतं: ‘तुमच्या मुलाची राहण्याची सुरक्षित सोय आजच करतो. चौकशी अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल आणि तिचा निर्णय तुम्हाला लेखी कळेल.’ हे वाक्य ऐन वेळी सुचत नाही. ते आधीच तयार लागतं.

प्रक्रियेत किमान एवढं असावं. आरोप लेखी आणि नेमका हवा. ‘गैरवर्तन’ हा आरोप नव्हे, कोणत्या दिवशी, कुठे, काय केलं आणि त्याने कोणता नियम मोडला, हे लिहिलेलं हवं. उत्तर द्यायला पुरेसा वेळ आणि विरोधातली कागदपत्रं पाहायची संधी हवी. ज्याने तक्रार केली तो समितीत बसता कामा नये, ज्याने चौकशी केली त्याने शिक्षा ठरवू नये, आणि अपील ऐकणारा या दोन्हींपासून लांब हवा. निर्णयात कारणं लिहिलेली असावीत. शिक्षा चुकीच्या मानाने असावी आणि पूर्वी तशाच प्रकरणात काय केलं होतं याच्याशी ताडून पाहिलेली असावी. शेवटच्या गोष्टीसाठी विद्यार्थ्यांची नावं वगळून जुन्या निकालांची एक सारणी ठेवा. ती नसेल तर दर नव्या समितीबरोबर शिक्षेची मोजपट्टी बदलत राहते, आणि मुलांना ते आपल्या आधी कळतं.

तात्पुरते उपाय ही वेगळी गोष्ट. दोघांना एकाच मजल्यावर ठेवणं धोक्याचं असेल तर खोली लगेच बदला. मात्र आदेशात स्पष्ट लिहा की हा सुरक्षेचा उपाय आहे, शिक्षा नाही, आणि त्याला मुदत आहे. दर वेळी तक्रारदारालाच हलवायची सवय अनेक ठिकाणी दिसते, कारण ते सोपं असतं. असं करू नका.

छळ आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची प्रक्रिया बहुतेक ठिकाणी कायद्याने वेगळी ठरवून दिलेली असते. ती तुमच्या भागातल्या कायद्यानुसार कायदेशीर सल्लागाराबरोबर बसून शब्दशः वाचा. तिथे समेट घडवून आणायला जाऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

पायरी ४: आणीबाणीचा आराखडा आणीबाणीच्या आधी

विद्यार्थ्याचा मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न, आग, साथ, हिंसा. या प्रत्येकासाठी जाडजूड पुस्तिका नको. कोणी वाचत नाही. प्रत्येकासाठी एक पान पुरे. पहिला फोन कोणाकडे जाणार, त्याने उचलला नाही तर कोणाकडे, घटनास्थळी कोण जाणार, कुटुंबाला कोण कळवणार आणि कोणत्या शब्दांत, बाहेर बोलणारा एकच माणूस कोण. आणि हे पान एकदा तरी खोटा प्रसंग उभा करून चालवून पाहा, तेही सुट्टीच्या दिवशी. निम्मे क्रमांक बदललेले निघतात, हे तेव्हाच कळतं.

आत्महत्येच्या बाबतीत दोन गोष्टी तुमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना, अगदी मेसच्या व्यवस्थापकालाही, माहीत असल्या पाहिजेत. पहिली: ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतोय का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. दुसरी: अशा घटनेनंतर जे काही लेखी किंवा तोंडी सांगितलं जातं, त्यात पद्धत आणि जागा यांचं वर्णन नसावं, एकच कारण चिकटवलेलं नसावं, आणि मदत कुठे मिळेल हे मात्र असावं. घटनेनंतरच्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष कुटुंबाकडे आणि बातम्यांकडे जातं. खोलीतला जोडीदार, दार उघडणारा रक्षक, आदल्या आठवड्यात त्याच्याशी बोललेली समुपदेशक यांच्याकडे मुद्दाम पाहावं लागतं. त्या यादीत स्वतःचंही नाव घाला.

गोपनीयतेची हद्दही आधीच आखून घ्या. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने १९६९ साली एका तरुणीचा खून केला. ती कल्पना त्याने विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतल्या, त्याच्यावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला आधीच बोलून दाखवली होती. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडलं, पण तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केलं नाही. ‘टॅरासॉफ’ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली म्हटलं की ज्याला धोका आहे त्याच्या संरक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकर्त्याचं कर्तव्य आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, म्हणून तुमच्याकडे काय लागू होतं ते समजून घ्या आणि समुपदेशकांबरोबर बसून लिहून काढा: जिवाला धोका असेल तर माहिती कोणाला, किती आणि कोणाच्या निर्णयाने द्यायची.

आणि एरवी? एरवी प्रमुखाने समुपदेशकाला ‘तो काय म्हणाला?’ असं विचारायचंच नाही. विचारलं तर हाताखालचा माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि एकदा सांगितलेलं बाहेर फुटलं की त्या केंद्राच्या दारात वर्षभर कोणी पाऊल ठेवत नाही.

पायरी ५: माणसं सांभाळा

बढतीने आलेल्यांची एक जुनी खोड म्हणजे आपली जुनी प्रकरणं स्वतःकडेच ठेवणं. ‘ही मुलगी फक्त माझ्याशीच बोलते.’ बोलत असेलही. पण उद्या तिच्याविरुद्धची तक्रार अपिलात तुमच्याकडेच आली तर? तिचा आधार आणि तिचा न्यायाधीश, दोन्ही तुम्ही होऊ शकत नाही. पहिल्या दोन महिन्यांत सगळी प्रकरणं नीट हस्तांतरित करा. विद्यार्थ्याला समोर बसवून, नव्या माणसाची ओळख करून देऊन. नुसती फाईल सरकवून नाही.

हाताखालच्या प्रत्येकाला ठरावीक वेळ द्या, आठवड्याला अर्धा तास असला तरी चालेल, पण तो रद्द करू नका. त्यात कामांची यादी तपासायची नाही. एक अवघड प्रकरण घेऊन ‘तू काय पर्याय पाहिलेस, हाच का निवडलास’ एवढंच विचारायचं. पहिल्यांदा माणसं बिचकतात, त्यांना वाटतं उलटतपासणी चालली आहे. महिन्याभरात तेच स्वतःहून प्रकरणं घेऊन यायला लागतात. निर्णयाची जबाबदारी देतानाही हद्द स्पष्ट सांगा: हे तू ठरव, हे ठरवून मला कळव, हे ठरवण्याआधी मला विचार. बहुतेक विभागांत ही हद्द कोणी सांगितलेलीच नसते, म्हणून एकतर सगळंच वर येतं नाहीतर काहीच येत नाही.

रात्रीचा फोन कोण उचलतो, याचं वेळापत्रक तपासा. एकच समजूतदार वॉर्डन वर्षानुवर्षं सगळे फोन उचलत असेल, तर ती व्यवस्था नाही, त्या माणसाचं शोषण आहे. पाळी लावा, रात्र जागलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या आणि ती त्याने खरंच घेतली का ते पाहा. तुम्ही स्वतः रात्री अकराला कामाचे संदेश पाठवत असाल, तर बाकीच्या सूचनांना काही अर्थ उरत नाही.

पायरी ६: हजेरीचे आकडे पुरे झाले

‘स्वागत कार्यक्रमाला आठशे मुलं आली’ हे वाक्य अहवालात छान दिसतं. त्यातून काय कळलं? सभागृह भरलं, एवढंच. उच्च शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडलं की शिक्षण अर्धवट सोडणं हे बऱ्याच अंशी विद्यार्थी आपल्या संस्थेच्या अभ्यासाच्या आणि सामाजिक जीवनात किती मिसळला यावर अवलंबून असतं. त्याच क्षेत्रातले दुसरे अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये सांगितलं की विद्यार्थी स्वतःची किती आणि कशा प्रतीची शक्ती या जीवनात गुंतवतो, त्यावर त्याचं शिकणं ठरतं. दोघांच्या म्हणण्यावर नंतर वादही झाले. विशेषतः जी मुलं घर आणि नोकरी सांभाळून शिकतात त्यांना ‘मिसळा’ म्हणणं कितपत न्याय्य, हा टिंटोंवरचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण दोघांकडून तुम्हाला एक उपयोगी प्रश्न मिळतो: कोण आलं नाही?

आलेल्या आठशेंची नावं एकूण प्रवेशांच्या यादीशी ताडून पाहा. न आलेल्यांत बाहेरून येऊन-जाऊन शिकणारी किती, उशिरा प्रवेश मिळालेली किती, दिव्यांग किती, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली किती. पहिल्या सत्राअखेर त्यांचं काय झालं? यासाठी नवं सर्वेक्षण लागत नाही. प्रवेश, हजेरी, परीक्षा आणि वसतिगृह यांच्या नोंदी आधीच असतात, फक्त वेगवेगळ्या कपाटांत. त्या एकत्र आणताना वैयक्तिक माहिती किती जणांच्या हाती पडते याची काळजी घ्या. एका वर्षात एकच प्रश्न घ्या, उत्तर शोधा, त्यावरून एक गोष्ट बदला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. वीस प्रश्नांची भलीमोठी प्रश्नावली काढून ती फडताळात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अंदाजपत्रकही इथेच जोडून घ्या. लेखा विभागातल्या एखाद्या सज्जन माणसाबरोबर दोन दुपारी बसा आणि प्रत्येक शीर्ष, म्हणजे खर्चाचा प्रत्येक गट, समजून घ्या: कोणता खर्च विद्यार्थी वाढले की वाढतो, कोणता तसाच राहतो, कोणती रक्कम दुसऱ्या शीर्षावर वळवता येते, कोणती मुदतीत खर्च झाली नाही तर परत जाते. मग समुपदेशकाचं नवं पद मागताना ‘मुलांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न गंभीर आहे’ असं म्हणून थांबू नका. पहिल्या भेटीसाठी किती दिवस थांबावं लागतं, थांबता थांबता कितीजण परत आले नाहीत, आणि एका पदाने ही प्रतीक्षा किती घटेल, हे तीन आकडे घेऊन जा. आणि पैसे कापायची वेळ आली तर काय आधी सोडाल, याची यादी स्वतः करून ठेवा. तुम्ही केली नाहीत तर दुसरं कोणीतरी करील आणि त्यात पहिलं नाव समुपदेशनाचं असेल.

पायरी ७: पेच आला की लिहून सोडवा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरन किचनर यांनी १९८५ मध्ये या क्षेत्रासाठी पाच नैतिक तत्त्वं मांडली: दुसऱ्याच्या स्वायत्ततेचा आदर, इजा न करणं, भलं करणं, न्यायाने वागणं, दिलेल्या शब्दाला जागणं. पाचही वाचताना कोणीही मान डोलावेल. गंमत तेव्हा सुरू होते जेव्हा दोन तत्त्वं एकमेकांसमोर उभी ठाकतात.

समजा, एकोणीस वर्षांच्या मुलीचे वडील फोन करतात: ‘ती वर्गात जाते का? कोणाबरोबर असते?’ आवाजात काळजी आहे. मुलगी सज्ञान आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क, तो उच्च शिक्षणात आला की पालकांकडून त्याच्याकडे जातो, काही अपवाद सोडून. इतरत्र नियम निराळे. पण कायदा काहीही असला तरी फोनवर उत्तर देण्याआधी चार ओळी लिहा. कोणाचं काय पणाला लागलं आहे? कोणती तत्त्वं भिडली आहेत? कमीत कमी माहिती देऊन काळजी दूर होईल असा रस्ता आहे का? हाच निर्णय उद्या सगळ्यांसमोर वाचून दाखवायला मी तयार आहे का? बहुधा उत्तर असं निघतं: तिला बोलावून विचारायचं, तिच्या संमतीने तिनेच घरी फोन करावा असं पाहायचं, आणि वडिलांना सांगायचं की तुमची काळजी तिच्यापर्यंत पोचवली आहे. जिवाला धोका असल्याची चिन्हं असतील तर वर लिहिलेली गोपनीयतेची हद्द लागू होते. घरूनच धोका असण्याची शक्यताही विसरू नका. काळजीचा आवाज खोटाही असतो.

दुसरा पेच वरून येतो. ‘आपल्या माणसाचा’ मुलगा शिस्तीच्या प्रकरणात अडकलेला असतो आणि तुम्हाला सुचवलं जातं की जरा सांभाळून घ्या. तोंडी आलेल्या अशा सूचनेला नम्र, लेखी उत्तर द्या: ‘आज आपलं बोलणं झालं, त्यानुसार प्रकरण नेहमीच्या प्रक्रियेने समितीकडे पाठवत आहे.’ भांडण नाही, भाषण नाही. बहुतेकदा विषय तिथेच थांबतो. थांबला नाही तर निदान फाईलला कागद असतो.

विद्यार्थी प्रतिनिधी, तंत्रज्ञान आणि राहिलेलं

आंदोलन सुरू झाल्यावर प्रतिनिधींशी ओळख करून घेणं म्हणजे उशीरच. दर महिन्याला, काही कारण नसताना, भेटा. जे तुमच्या हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नका. ‘हा निर्णय माझा नाही, पण तुमचं निवेदन अमुक तारखेच्या बैठकीत मी मांडीन’ हे मुलांना पटतं, आणि मग ते खरंच मांडा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नेव्हिट सँफर्ड यांनी १९६० च्या दशकात सांगितलेली गोष्ट इथे कामी येते: विद्यार्थी वाढतो तो आव्हान आणि आधार यांचा तोल साधला की. सगळे कार्यक्रम कर्मचाऱ्यांनीच आखून दिले तर आधार फार झाला. हिशेबाचं एकदाही न शिकवता पाच लाखांचा महोत्सव मुलांवर सोडला तर आव्हान फार झालं.

तंत्रज्ञानाबद्दल एवढंच: नवी प्रणाली घेण्याआधी जुनी कोण वापरत नाही आणि का, ते विचारा. आणि विद्यार्थ्यांची संवेदनशील माहिती गप्पांच्या गटांत फिरत असेल तर ती आजच थांबवा.

पायरी ८: स्वतःच्या शिक्षणाचा आराखडा

दहाही क्षेत्रांत एकदम सुधारायला गेलात तर एकातही होणार नाही. पहिल्या पायरीवरच्या तक्त्यातून वर्षाला दोन क्षेत्रं निवडा: एक सर्वात दुबळं आणि एक तुमच्या संस्थेला या वर्षी सर्वात जास्त लागणार असलेलं. दुबळ्या क्षेत्रासाठी व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष काम निवडा. कायद्यात कच्चे असाल तर नियमावलीच्या दुरुस्ती समितीत स्वतःहून नाव द्या. मनुष्यबळात कच्चे असाल तर एका भरतीची सुरुवातीपासून शेवटपर्यंत जबाबदारी घ्या.

सल्ला घ्यायला आपल्या संस्थेबाहेरचा, तुमच्या पदोन्नतीशी काही देणंघेणं नसलेला माणूस शोधा. दोन-तीन महिन्यांतून एकदा, नावं-गावं वगळून एक प्रकरण त्याच्यासमोर ठेवा. तो लगेच ‘बरोबर केलंत’ म्हणाला तर दुसरा शोधा. आणि वर्षअखेरीस तोच दहा ओळींचा तक्ता पुन्हा भरा, त्याच दोघांकडूनही भरून घ्या, आणि कोऱ्या राहिलेल्या ओळींवर पुढच्या वर्षाच्या तारखा टाका.